एकलहऱ्याच्या एका युनिटची खरी किंमत किती? (बिलात नसलेला रकाना)

जमाखर्च (धागाकर्ता)

महावितरणच्या बिलात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन असतं, वर १६ टक्के वीज शुल्क. कोळसा जाळल्यामुळे हवेचं, पाण्याचं आणि फुप्फुसांचं जे होतं त्याचा रकाना नाही. तो असता तर त्यात किती रुपये पडले असते, ते मांडून बघतोय. उदाहरणासाठी नाशिककरांना लांब जायला नको, शेजारी एकलहऱ्याचं कोळशावरचं वीजकेंद्र आहेच. १४० मेगावॅटचे दोन जुने संच केव्हाच निवृत्त झाले, १९७९ ते ८१ मधले २१० चे तीन उरलेत, एकूण ६३०.

पैशाआधी वजनं मांडतो, कारण वजनांवर भांडण कमी होतं.

एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते. जुन्या २१० च्या संचाला तेवढी वीज काढायला सुमारे २६०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे एक तृतीयांशाची वीज होते आणि उरलेली उष्णता कूलिंग टॉवर नि चिमणीवाटे जाते. कोळसा किलोला ३७०० किलोकॅलरीचा धरला तर युनिटमागे ७०० ग्रॅम. देशी कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते. ३५ धरली तर २४५ ग्रॅम. कार्बन ४० टक्के धरा. १२ भाग कार्बन जळला की ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो, तेव्हा तो साधारण १ किलो. गंधक अर्धा टक्का, जळल्यावर वजन दुप्पट, म्हणजे ७ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड. पाणी डिसेंबर २०१५ च्या नियमानुसार जास्तीत जास्त साडेतीन घनमीटर दर मेगावॅट-तासाला, म्हणजे युनिटला साडेतीन लिटर.

आता रुपये. यातल्या काही गोष्टींची किंमत सरकारनं स्वतःच ठरवून दिली आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या राखेच्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये भरपाई आहे. सगळी राख पडून राहिली तर युनिटमागे साडेचोवीस पैसे होतात. कोळशावरचा उपकर २०१० मध्ये टनाला ५० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ४०० वर गेला. तो ७०० ग्रॅमला २८ पैसे पडायचा. कार्बनच्या भाषेत मांडलं तर टनभर कार्बन डायऑक्साइडला पावणेतीनशेच्या आत.

खरा गोंधळ पुढे आहे. टनभर कार्बन डायऑक्साइडनं जगाचं किती नुकसान होतं? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२३ मध्ये १९० डॉलर म्हटलं. त्याआधी तिथलंच सरकार ५१ धरत होतं आणि त्याच्याही आधीचं १ ते ७. डॉलर ८५ रुपये धरला तर आपल्या युनिटवर हे अनुक्रमे १६ रुपये, सव्वाचार रुपये आणि ८ ते ६० पैसे. एकच वायू, एकच देश, दहा वर्षांच्या आत. तर यातला खरा आकडा कोणता?

पांडवलेणी

म्हणजे ८ पैसे ते १६ रुपये. एवढी रेंज तर गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या भावातही नसते :)

बॉयलरवाला

आयुष्य औष्णिक केंद्रांत गेलं (विदर्भात जास्त), म्हणून दोन-तीन गोष्टी.

एक. तुमचे आकडे जनित्राच्या टोकाचे आहेत. कोळशाच्या मिल्स, आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारे पंखे), बॉयलर फीड पंप ही मंडळी त्यातलीच ९-१० टक्के वीज खातात. त्याला आम्ही ऑक्झिलरी म्हणतो. त्यापुढे पारेषण आणि वितरणाची गळती. घरात १ युनिट हवं असेल तर जनित्रावर सव्वा युनिट धरा. म्हणजे घरच्या युनिटमागे पाऊण किलोच्या वर कोळसा, जवळजवळ ८७५ ग्रॅम. राख ३०० ग्रॅमच्या वर आणि कार्बन डायऑक्साइड सव्वा किलो. फक्त गळतीच्या आकड्यात चोरी मिसळू नका. आकडा टाकून घेतलेली वीजही कुणीतरी वापरतोच, ती हवेत जात नाही. महावितरणच्या ताळेबंदात ते नुकसान आहे, कोळशाच्या हिशेबात नाही.

दोन. २६०० ही हीट रेट (एका युनिटला लागणारी उष्णता) संच पूर्ण भारावर असतानाची. हल्ली दुपारी सौर वीज आली की जुन्या संचांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात. तिथे हीट रेट बिघडते. खूप खाली गेलात तर ज्योत टिकवायला तेल द्यावं लागतं. म्हणजे जो संच कमी चालतो त्याचं दर युनिट जास्त घाण असतं. सरासरीत हे दिसत नाही.

तीन. गंधक सगळंच चिमणीतून जात नाही, थोडं राखेत राहतं. ७ ग्रॅम वरच्या बाजूचे आहेत. तरी अंदाज यावा म्हणून सांगतो, २०१५ च्या नियमात या वयाच्या आणि ५०० मेगावॅटखालच्या संचांना ६०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर मर्यादा आहे. ती युनिटवर उतरवली तर सव्वादोन ग्रॅमच्या आसपास येते.

आणि एक, जे कुणी मोजत नाही. विदर्भातून येणारा कोळसा रेल्वेनं साडेसहाशे किलोमीटरच्या वर चालून नाशिकरोडला पोचतो. एका रेकमध्ये, म्हणजे मालगाडीत, ३८०० टन असतील तर त्यातले १३०० टन राख. २१० चा एक संच पूर्ण भारावर दिवसाला साडेतीन हजार टन खातो, म्हणजे जवळजवळ रोजचा एक रेक. २०१४ मध्ये नियम केला होता की ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या केंद्रांना ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा पाठवायचा नाही, आधी धुवून घ्या. मे २०२० मध्ये ती अट काढून टाकली.

पांडवलेणी

द्राक्षाच्या पेटीत तिसरा हिस्सा माती भरून दिल्लीला पाठवायची, वर भाडंही द्यायचं आणि माती तिकडेच टाकायची. बागाईतदारानं असं केलं तर त्याला वेड्यात काढतील.

निफाडकर

जमाखर्च, पाण्याचे साडेतीन लिटर लिहून तुम्ही पुढे गेलात. पैसे लावलेच नाहीत. शेतकऱ्यानं विचारलंच पाहिजे ना?

आमच्या मापात सांगतो. ६३० मेगावॅट वर्षभर निम्म्या भारावर चालले असं धरा, २७६ कोटी युनिट होतात. साडेतीन लिटरनं ते ३४० दशलक्ष घनफूट भरतं. गंगापूर धरण ५६३० चं. म्हणजे गंगापूरच्या सहा टक्के, आणि हे नियमाच्या आत राहून. यातलं बरंचसं कूलिंग टॉवरवरून वाफ होऊन जातं, खाली नदीत परत येत नाही.

आता याची किंमत कोणत्या दरानं लावणार? जुलैत दारणा भरून वाहत असताना त्या पाण्याला कुणी विचारत नाही. ऑक्टोबरात जायकवाडीला सोडायचं म्हटलं की इथे आंदोलन, तिथे आंदोलन. मे महिन्यात तेच पाणी टँकरनं घ्यावं लागतं. जलसंपदा खात्याचा औद्योगिक दर वर्षभर सारखाच. वाफ झालेल्या लिटरची किंमत लावायची तर ज्याला ते मिळालं नाही त्याच्या बाजूनं लावा. तो वैजापूरचाही असू शकतो.

मेघमल्हार

अर्थशास्त्र शिकवते, म्हणून ८ पैसे आणि १६ रुपयांच्या मधली दरी कुठून येते ते सांगायचा मोह होतोय. वायूच्या परिणामाबद्दलची असहमती त्यात फार थोडी आहे. बाकी सगळी आपल्या निवडींमुळे येते.

पहिली निवड म्हणजे कुणाचं नुकसान मोजायचं. ज्या सरकारनं १ ते ७ डॉलर धरले त्यानं मुख्यतः स्वतःच्या देशातलं नुकसान मोजलं. कार्बन डायऑक्साइड नाशिकचा असो नाहीतर टेक्सासचा, तो जगभर मिसळतो. प्रत्येकानं फक्त आपलं अंगण मोजलं तर बेरजेत बहुतेक नुकसान कुणाच्याच वहीत येत नाही. आपल्यासाठी यात एक गंमत आहे. २०१८ मध्ये देशनिहाय विभागणीचा एक अभ्यास आला होता. त्यात सर्वात मोठा वाटा भारताचा निघाला, टनाला ८६ डॉलर. म्हणजे ‘फक्त आपलं अंगण’ हा स्वार्थी नियम लावला तरी आपल्या युनिटवर सव्वासात रुपये येतात.

दुसरी निवड व्याजदराची, म्हणजे भविष्यातल्या नुकसानीला आज किती सवलत द्यायची याची. शंभर वर्षांनी होणारं एक लाखाचं नुकसान घ्या. ७ टक्क्यांनी त्याची आजची किंमत ११५ रुपये येते. ३ टक्क्यांनी ५२००. २ टक्क्यांनी १३,८००. हवामानबदलाच्या खर्चावरच्या २००६ च्या स्टर्न अहवालानं जो १.४ च्या आसपासचा दर धरला त्यानं जवळजवळ २५,०००. भौतिकशास्त्रात काहीही न बदलता दोनशेपट फरक! ७ टक्के हा खासगी गुंतवणुकीला योग्य दर असेल. पणतवंडांच्या वाट्याला येणाऱ्या उन्हाळ्याला तो लावणं म्हणजे ती पणतवंडं नाहीतच असं म्हणणं आहे. माझं मत स्पष्ट आहे, २ च्या वर जायला मला कारण दिसत नाही.

तिसरी सगळ्यात अवघड, माणसाच्या जिवाची किंमत. तिच्यावर रात्री लिहिते, आता तास आहे.

देवळालीकर

तुम्ही सगळे खर्चच मोजताय. फायदा कोण मोजणार? एकलहऱ्यावर किती घरं चालली, नाशिकरोडचा बाजार कशावर उभा राहिला? राखेच्या विटांचे कारखाने, सिमेंटवाले, ट्रकवाले. ६६० मेगावॅटचा बदली संच द्या म्हणून लोक वर्षानुवर्षं मागणी करतायत, ती उगाच नाही. आणि वीजच नसती तर सातपूर, अंबड, सिन्नर कशावर चाललं असतं?

जमाखर्च

देवळालीकर, विजेचा फायदा किमतीत आधीच आलेला आहे. कारखान्याला ती पैशापेक्षा जास्त उपयोगी वाटते म्हणूनच तो बिल भरतो. पगारही त्याच बिलातून निघतो. मी शोधतोय तो भाग असा की जो भरणाऱ्याच्या खिशातून जात नाही आणि भोगणाऱ्याला मिळत नाही. नोकऱ्यांचा प्रश्न खरा आहे, पण तो केंद्र बंद होताना कामगारांचं काय करायचं याचा आहे. राखेच्या टनावरून ते वजा होत नाही.

विटांचं मात्र तुमचं बरोबर. राख विटेत गेली तर शेतातली काळी माती वाचते. सिमेंटमध्ये गेली तर तेवढं क्लिंकर (सिमेंटसाठी भट्टीत भाजलेले चुनखडीचे खडे) भाजावं लागत नाही. ती जमेची बाजू धरतो. फक्त ती जमा कुणाच्या नावावर टाकायची? सिमेंटवाला आपल्या अहवालात तीच बचत दाखवणार असेल तर वीजवाल्यानं पुन्हा दाखवू नये.

६६० च्या संचाबद्दल थोडा हिशेब. नव्या सुपरक्रिटिकल (जास्त दाबाच्या, जास्त तापलेल्या वाफेवरच्या) संचाला २६०० ऐवजी २२०० च्या आसपास किलोकॅलरी पुरतात. युनिटमागे कार्बन डायऑक्साइड १००० वरून ८५० ग्रॅमवर. छान. पण नवा, महागडा संच निम्म्या भारावर कोण चालवेल? ८० टक्क्यांनी धरा, वर्षाला ४६० कोटी युनिट. म्हणजे ३९ लाख टन. आजचे संच ५० टक्क्यांवर २८ लाख टनांच्या आत. दर युनिट स्वच्छ, आणि एकलहऱ्याच्या आकाशात जास्त.

बॉयलरवाला

हे अर्धंच झालं. ती जादा १८४ कोटी युनिटं कुठल्यातरी दुसऱ्या जुन्या संचाची जागा घेतील. राज्याच्या बेरजेत कोळसा कमीच होईल. एका केंद्राभोवती कुंपण घालून हिशेब केला की असं होतं.

जमाखर्च

कार्बन डायऑक्साइडला राज्याची बेरीज लागू, मान्य. धुळीला आणि गंधकाला नाही. भुसावळला एक टन कमी झाला आणि इथे एक टन वाढला तर नाशिकरोडच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

मेघमल्हार

हाच धागा पकडून जिवाच्या किमतीकडे येते.

१९९१ मध्ये युरोपीय आयोगानं एक्सटर्न-ई नावाचं काम सुरू केलं. आज बहुतेक जण हिशेबाची तीच रीत वापरतात. चिमणीतून किती निघालं, वाऱ्यानं कुठे नेलं, तिथे किती माणसं श्वास घेतात, त्यातून किती आजार आणि मृत्यू वाढतात, आणि शेवटी त्यांची किंमत. पहिल्या चार पायऱ्या मोजमापाच्या आहेत. पाचवीवर सगळं घसरतं. अकाली मृत्यूची किंमत लावताना लोक धोका टाळायला किती पैसे मोजतात ते बघतात, आणि ते उत्पन्नावर अवलंबून असतं. मग एकाच ग्रॅम धुळीनं कॅलिफोर्नियात होणारं नुकसान नांदूर नाक्यावरच्या नुकसानीच्या कित्येक पट दिसतं. निष्कर्ष काय, तर घाण गरिबांजवळ करा, स्वस्त पडते. गणित बरोबर असून उत्तर लाज वाटण्यासारखं.

म्हणून मी मृत्यूंचं रुपयांत रूपांतर करतच नाही. २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात युरोपसाठी आकडे आले होते. दर १०० कोटी युनिटांमागे हवेच्या प्रदूषणानं दगडी कोळशाचे २४.५ मृत्यू, नैसर्गिक वायूचे २.८. हा आकडा जसाच्या तसा ठेवा, शेजारी रुपये लिहू नका.

पांडवलेणी

मग २७६ कोटी युनिट गुणिले २४.५...

मेघमल्हार

नका गुणू. तो आकडा युरोपातल्या चिमण्यांचा, युरोपातल्या वाऱ्याचा आणि तिथल्या लोकसंख्येचा आहे. आपल्याकडे गंधक काढायची यंत्रणा बहुतेक ठिकाणी नाही आणि वस्ती दाट आहे. याउलट आपल्या कोळशात गंधक कमी असतं आणि आपल्या हवेत धूळ आधीच इतकी आहे की वरच्या प्रत्येक मायक्रोग्रॅमचा परिणाम तुलनेनं कमी होऊ शकतो. सरासरी उचलून एका केंद्राच्या माथी मारणं चूकच.

अमेरिकेतला पुरावा बघा. त्यांच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं ४०६ कोळसा केंद्रांचा हिशेब केला, २००५ सालच्या उत्पादनावर आणि हवामानबदल सोडून. सरासरी युनिटला ३.२ सेंट. पण सगळ्यात स्वच्छ ५ टक्के केंद्रं ०.१९ सेंटच्या खाली आणि सगळ्यात घाण ५ टक्के १२ सेंटच्या वर. साठपट अंतर, एकाच देशात, एकाच इंधनावर. फरक कशानं पडतो? गंधक, यंत्रणा, आणि वाऱ्याखाली किती माणसं राहतात. वायूवरच्या केंद्रांचा सरासरी आकडा ०.१६ सेंट. म्हणून ‘कोळशाच्या विजेची खरी किंमत अमुक रुपये’ असं कुणी एका वाक्यात सांगितलं की मी वाचणं थांबवते.

अंबड_लिंक_रोड

मध्येच विचारतो. गंधकाची यंत्रणा, ती एफजीडी, बसवायची होती ना सगळ्यांना? काय झालं तिचं?

बॉयलरवाला

२०१५ च्या नियमात मुदत दोन वर्षांची होती. मग ती वाढत गेली, पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं नवी विभागणी केली. दिल्ली परिसराच्या किंवा २०११ च्या जनगणनेतल्या दहा लाखांवरच्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आत असलेली केंद्रं अ गटात, त्यांना डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत. अतिप्रदूषित भाग किंवा हवेचे निकष न पाळणारी शहरं यांच्या जवळची ब गटात, त्यांचा निर्णय एकेकाचा. बाकीच्या क गटाला गंधकाच्या मर्यादेतून सूट. देशातली बहुतेक केंद्रं क मध्येच येतात. नाशिक शहर २०११ ला १४ लाख ८६ हजार होतं. एकलहरे किती लांब ते नकाशावर मोजा.

सूट देताना कारण दिलं की देशी कोळशात गंधक कमी आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे. दुसरं वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं आणि मुद्द्याला सोडून. तो वायू हवेत वायू म्हणून बसून राहत नाही. त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, पीएम २.५ मध्ये (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या धुळीत) मोजले जातात, आणि शेकडो किलोमीटर जातात. ईएसपी (धुरातली धूळ विजेनं पकडणारं यंत्र) कितीही चांगला असला, ९९ टक्क्यांच्या वर धूळ पकडत असला, तरी या कणांपुढे तो काही करू शकत नाही. ते चिमणीच्या बाहेर तयार होतात.

निफाडकर

आणि पाण्याचं? दोन दिवस झाले, अजून दर आला नाही.

जमाखर्च

निफाडकर, घ्या. एकच दर लावायला मी तयार नाही. पावसाळ्यातल्या चार महिन्यांचं शून्य धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या पाण्यावर जेवढं पीक आलं असतं त्याचं निव्वळ उत्पन्न, आणि मार्च ते जूनमध्यापर्यंत टँकरचा दर. टँकर १००० लिटरला शंभर-दोनशे रुपयांनी धरला तर साडेतीन लिटरचे ३५ ते ७० पैसे होतात, त्या महिन्यांपुरते. टँकरचा दर तुमच्या गावचा घाला, माझा उदाहरणापुरता आहे. उन्हाळ्यात हाच रकाना राखेच्या रकान्यापेक्षा मोठा होतो. असं होईल असं मला सुरुवातीला वाटलं नव्हतं.

निफाडकर

आता बरोबर बोललात. फक्त पावसाळ्याचं शून्य सरसकट धरू नका. कमी पावसाच्या वर्षात सप्टेंबरातलं पाणीही मोलाचं असतं.

देवळालीकर

सौर पॅनेलचं कौतुक करणाऱ्यांनी तेही मोजावं. सिलिकॉन कुठे बनतं, काच कशावर भाजतात, जुनी पॅनेलं कुठे टाकणार? आणि न चाललेल्या कोळशाचं काय? सिन्नरला गुळवंचजवळ २७० च्या पाच संचांचा प्रकल्प बांधून कित्येक वर्षं जवळपास नुसता उभा राहिला. जमीन गेली, लोखंड-सिमेंट गेलं, वीज नाही. त्याचा दर युनिट खर्च काढा बघू.

मेघमल्हार

पॅनेलचं मोजलेलं आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१४ च्या अहवालात खाणीपासून भंगारापर्यंतचा हिशेब आहे. मधला आकडा कोळशाला युनिटमागे ८२० ग्रॅम, वायूला ४९०, मोठ्या सौर प्रकल्पांना ४८, पवनचक्क्यांना ११. काच भाजूनही सतरापट फरक. (कोळशाचे ८२० जगातल्या चांगल्या संचांचे आहेत, आपल्या जुन्या २१० चे नाहीत.) रात्रीच्या साठवणुकीचा खर्च वेगळा धरायला हवा, हे मान्य. आपल्या शेजारी घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प (पाणी वर चढवून वीज साठवणारा) आहेच.

सिन्नरचं उत्तर गणितात शून्यानं भागाकार असं येतं. पण तुमचा मुद्दा पटला. दर युनिट मोजण्याच्या पद्धतीत न चाललेलं केंद्र दिसतच नाही.

जमाखर्च

इतक्या चर्चेनंतर मला एक गोष्ट वेगळी दिसायला लागली आहे, ती मांडतो.

‘खरी किंमत’ हा एक आकडा मिळणार नाही. पण तो प्रत्येक कामासाठी लागतोच असंही नाही. राज्याचं भार प्रेषण केंद्र रोज ठरवतं की कोणता संच किती चालवायचा. ते ठरतं मेरिट ऑर्डरनं, म्हणजे इंधनखर्चाच्या चढत्या क्रमानं. एकलहरे खाणीपासून लांब, वाहतूक महाग, म्हणून यादीत खाली. आज ते जेवढं कमी चालतं ते रेल्वेच्या भाड्यामुळे. शेजारी पंधरा-वीस लाख माणसं राहतात म्हणून नव्हे. उद्या जवळच्या खाणीचा किंवा स्वस्त कोळसा मिळाला तर ते वर सरकेल आणि कुठल्याच कागदावर त्या माणसांची नोंद होणार नाही.

या यादीत घालायला मला १६ रुपये की सव्वाचार हे ठाऊक असण्याची गरज नाही. दोन संचांमध्ये कुणाचं गंधक कमी, कुणाचं पाणी कुठल्या महिन्यात महाग, कुणाच्या वाऱ्याखाली किती वस्ती, एवढं तुलनेनं माहीत असलं तरी क्रम लावता येतो. हिवाळ्यात हवा थंड आणि स्थिर असते, धूर खाली बसतो, वारा ईशान्य-पूर्वेकडून असेल तर शहराकडे येतो. त्या आठवड्यांत एकलहऱ्याचं युनिट यादीत दोन पायऱ्या खाली टाका आणि मोकळ्या जागेतलं दुसरं वर घ्या. पावसाळ्यात उलट करा. कोट्यवधींची यंत्रणा न लावता काही टन सल्फेट नाशिककरांच्या छातीत जाणार नाही.

बॉयलरवाला

कल्पना चांगली, पण तुम्ही ज्याला ‘मोकळी जागा’ म्हणताय ते चंद्रपूर असेल तर तिथल्या लोकांना विचारा. आधीच तिथे २९२० मेगावॅट चालतात.

जमाखर्च

म्हणूनच वस्तीचा आकडा प्रत्येक केंद्राला लावायचा, चंद्रपूरलाही. तिथला आकडा वाईट आला तर तेही खाली जाईल. माझं म्हणणं नाशिकला सूट द्या असं नाही.

मेघमल्हार

उपकराचंही एक लिहून ठेवते, कारण ते बातम्यांत फारसं आलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टनामागचे ४०० रुपये गेले आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. टनावरचा कर हलक्या कोळशाला जास्त बोचायचा, कारण त्याच उष्णतेसाठी तो जास्त टन लागतो. टक्केवारीचा कर किमतीवर लागतो. म्हणजे स्वस्त, राखेचा कोळसा जाळणाऱ्याला सुटका आणि चांगला, महाग कोळसा घेणाऱ्याला जास्त भार. प्रदूषणाच्या बाजूनं बघितलं तर दिशा नेमकी उलटी.

बॉयलरवाला

आणि धुण्याची अट २०२० लाच गेलेली. दोन्ही एकत्र वाचा.

अंबड_लिंक_रोड

आमच्या कॉम्प्लेक्सच्या डीजी सेटला (डिझेल जनरेटरला) पण हाच हिशेब लागू होईल का? वीज गेली की लिफ्टसाठी चालतो.

जमाखर्च

लागू होईल, आणि उत्तर वाईट येईल. युनिटला ३०० मिली डिझेल धरा, लिटरला २.७ किलोनं कार्बन डायऑक्साइड ८०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकलहऱ्यापेक्षा कमी. पण त्याचा धूर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी सुटतो. उंच चिमणीतला कण पातळ होत मैलोन्‌मैल जातो, हा सरळ नाकात. दर ग्रॅममागे फुप्फुसात जाणारा हिस्सा कित्येक पट.

पांडवलेणी

सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का हे? चेअरमनसाहेबांचा फ्लॅट दुसऱ्याच मजल्यावर आहे.

बॉयलरवाला

टाका. पण ३०० मिली असंच लिहू नका. लॉगबुकातून महिन्याचं डिझेल आणि मीटरची युनिटं काढा. लिफ्टपुरता चालणारा सेट कमी भारावर असतो, ४०० च्या खाली क्वचितच येईल.

अंबड_लिंक_रोड

लॉगबुक वॉचमनकडे असतं. उद्या फोटो टाकतो.